पुरातत्त्वशास्त्र आणि मानवशास्त्र : परस्परसंबंध, उपयोग आणि मर्यादा (महाराष्ट्रातील उत्खननांच्या विशेष संदर्भात)

सारांश

पुरातत्त्वशास्त्र मानवाने मागे ठेवलेल्या वस्तूंचा अभ्यास करते, तर मानवशास्त्र मानवाच्या शरीराचा, समाजरचनेचा आणि संस्कृतीचा अभ्यास करते. विषय एकच असूनही भारतीय विद्यापीठांत ही दोन शास्त्रे बहुतांशी स्वतंत्र विभागांत शिकविली जातात. प्रस्तुत लेखात या दोन शास्त्रांच्या संबंधाचे स्वरूप लांघणज, इनामगाव, नेवासे, माहुरझरी व भोकरदन येथील कार्याच्या आधारे स्पष्ट केले आहे. वर्तमान समाजाच्या निरीक्षणातून पुरातत्त्वशास्त्राला प्रश्न आणि शक्यता मिळतात. मात्र त्यांची उत्तरे उत्खननातील पुराव्यानेच तपासावी लागतात, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पुरातत्त्वशास्त्र, मानवशास्त्र, ताम्रपाषाणयुग, जोर्वे संस्कृती, लोकजीवनाधारित पुरातत्त्व, पांढरी.

१. प्रस्तावना

उत्खननात खापर सापडते, ते वापरणारा माणूस सापडत नाही. खापराचा रंग, भाजणी, त्यावरील नक्षी आणि ते कोणत्या थरात होते, हे पुरातत्त्वज्ञ सांगू शकतो. परंतु ते भांडे कोणी घडविले, घरात ते कोणी हाताळले, ते विकत घेतले गेले की धान्याच्या मोबदल्यात मिळाले, या प्रश्नांची उत्तरे खापरावर लिहिलेली नसतात. समाज कसा चालतो याचे काही ज्ञान असल्याशिवाय हे प्रश्न विचारताही येत नाहीत. येथेच पुरातत्त्वशास्त्राला मानवशास्त्राची गरज भासते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मानवशास्त्रज्ञ एखाद्या वस्तीत वर्ष-दोन वर्षे राहून तेथील नातेसंबंध, विधी आणि उदरनिर्वाहाची साधने नोंदवितो. त्याच्यासमोर असलेली रचना किती जुनी आहे, ती केव्हा व कशामुळे बदलली, हे त्याला केवळ निरीक्षणातून समजत नाही. आज ‘परंपरागत’ वाटणारी चाल दोन हजार वर्षांची असू शकते, तशीच ती दोनशे वर्षांचीही असू शकते. काळाची ही खोली पुरातत्त्वशास्त्र पुरविते.

ग्रामीण महाविद्यालयांत पुरातत्त्वाची ओळख सामान्यतः इतिहासाच्या अभ्यासक्रमातून होते आणि मानवशास्त्राची ओळख समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातून होते. परिणामी दोन्ही विषयांचे अध्यापक एकाच गावाकडे पाहत असूनही एकमेकांच्या साधनांशी अपरिचित राहतात. ही दरी का निर्माण झाली आणि ती कशी भरून काढता येईल, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२. दोन शास्त्रांची वेगवेगळी घडण

अमेरिकेत पुरातत्त्वशास्त्र हे प्रारंभापासून मानवशास्त्राचे अंग मानले गेले. फ्रान्झ बोआस यांच्या प्रभावातून तेथे शारीरिक मानवशास्त्र, सांस्कृतिक मानवशास्त्र, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्वशास्त्र अशी चार अंगांची रचना रूढ झाली. यामागे एक ऐतिहासिक कारण होते. तेथील मूळ रहिवाशांचे वंशज अभ्यासकांच्या समोर होते. त्यामुळे जमिनीखालील अवशेष आणि जमिनीवरील समाज यांचा एकत्र विचार होणे स्वाभाविक होते. १९५८ मध्ये गॉर्डन विली व फिलिप फिलिप्स यांनी अमेरिकन पुरातत्त्वाला मानवशास्त्रापासून वेगळे अस्तित्वच नाही, अशा आशयाची भूमिका घेतली. १९६२ मध्ये लुईस बिनफर्ड यांनी पुरातत्त्वाने केवळ वस्तूंची कालक्रमानुसार मांडणी न करता समाजातील बदलांची कारणमीमांसा केली पाहिजे, असा आग्रह धरला. पुढे ते स्वतः अलास्कातील नुनामिउट शिकाऱ्यांमध्ये गेले आणि शिकारीनंतर हाडे कोठे व कशी टाकली जातात, याच्या नोंदी त्यांनी केल्या.

युरोपात मात्र पुरातत्त्वशास्त्र इतिहासाच्या आणि अभिजात विद्यांच्या सान्निध्यात वाढले. ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड क्लार्क यांनी १९६८ मध्ये पुरातत्त्वशास्त्र हे इतिहासही नव्हे आणि मानवशास्त्रही नव्हे, ते स्वतंत्र शास्त्र आहे, अशी भूमिका मांडली.

भारतात ब्रिटिश परंपरेचा प्रभाव अधिक होता. १८६१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना झाली आणि त्याचे प्रारंभीचे कार्य स्तूप, लेणी, शिलालेख व नाणी यांभोवती फिरत राहिले. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण १९४५ मध्ये स्वतंत्रपणे अस्तित्वात आले. विद्यापीठांतही पुरातत्त्वशास्त्र ‘प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती’ या विषयाशी जोडले गेले. ज्या देशात लिखित साधनांची दीर्घ परंपरा आहे तेथे हे समजण्यासारखे आहे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाचा फार मोठा भाग लिखित साधनांच्या पूर्वीचा आहे आणि त्यासाठी इतिहासाची नेहमीची पद्धती अपुरी पडते.

३. महाराष्ट्रातील सहकार्याची परंपरा

पुण्याच्या डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून १९३९ मध्ये पुनर्रचना झाली. त्याच सुमारास डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि डॉ. इरावती कर्वे हे दोघेही संस्थेत रुजू झाले. एक पुरातत्त्वज्ञ आणि एक मानवशास्त्रज्ञ एकाच संस्थेत असणे हा योगायोग फलदायी ठरला. १९४० च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे या दोघांनी एकत्र काम केले. तेथे सूक्ष्मास्त्रे व प्राण्यांची हाडे यांच्याबरोबर मानवी सांगाडेही मिळाले. एकाच खड्ड्यातील दगडी हत्यारांचा अर्थ एका शास्त्राने आणि मानवी अस्थींचा अर्थ दुसऱ्या शास्त्राने लावावयाचा, ही पद्धती तेथे प्रत्यक्षात आली.

या परंपरेतील पुढचा टप्पा डॉ. मालती नागर यांच्या कार्यात दिसतो. राजस्थानातील आहाड येथील ताम्रपाषाणयुगीन अवशेषांचा अभ्यास करताना त्यांनी त्या परिसरातील तत्कालीन खेड्यांमधील घरे, भांडी व दैनंदिन व्यवहार यांचेही निरीक्षण केले. वर्तमान समाजातील वस्तू आणि वर्तन यांचा संबंध पाहून प्राचीन अवशेषांचा अर्थ लावण्याच्या या पद्धतीस एथ्नोआर्किऑलॉजी, म्हणजेच लोकजीवनाधारित पुरातत्त्व असे म्हणता येईल. भारतात ही पद्धती रुजविण्यात डॉ. नागर यांचा वाटा मोठा आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी संस्थात्मक चौकटीबाहेर राहून हाच मार्ग अवलंबिला. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांनी पुणे परिसरातील ग्रामदेवतांची ठाणी, जुने पायरस्ते व सूक्ष्मास्त्रांची स्थळे यांचा एकत्र विचार केला. शेंदूर फासलेला दगड आणि त्याच्या आसपास विखुरलेल्या दगडी छिलक्या ही एकाच अभ्यासाची साधने होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

४. इनामगाव : एक अभ्यास-उदाहरण

दोन शास्त्रांच्या एकत्रित उपयोगाचे महाराष्ट्रातील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील इनामगाव होय. घोड नदीच्या काठावरील या स्थळाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्याचे प्रमुख होते. तेथे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशा तीन कालखंडांतील वस्ती आढळली. हा काळ स्थूलमानाने इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० असा आहे. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने मिळाल्यामुळे येथे प्रथमच एका प्राचीन शेतकरी गावाचे चित्र उभे करता आले.

या पुराव्याचा अर्थ लावताना तीन ठिकाणी मानवशास्त्राचा आधार घेतला गेला.

(अ) सत्तेची रचना : पूर्व जोर्वे काळात बहुतेक घरे लहान असताना पाच खोल्यांचे एक मोठे घर आढळले. त्याच्या शेजारी धान्यकोठाराचे अवशेष होते. पुढील काळातील एका दफनात चार पाय असलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत मिळाला. इतर दफनांपेक्षा हे स्पष्टपणे वेगळे होते. ढवळीकर यांनी या सर्वांवरून इनामगावचा समाज मुखियाच्या नेतृत्वाखालील असावा, असे प्रतिपादन केले. ‘मुखियाप्रधान समाज’ ही संकल्पना मूळची मानवशास्त्राची आहे. धान्य गोळा करणे व त्याचे पुनर्वाटप करणे हे मुखियाचे कार्य अनेक समाजांत नोंदविले गेले आहे; म्हणूनच घराशेजारचे कोठार अर्थपूर्ण ठरते.

(आ) घराचा आकार : पूर्वीच्या काळातील घरे आयताकार होती, तर उत्तर जोर्वे काळात लहान, गोल झोपड्यांचे प्रमाण वाढले. जगातील अनेक समाजांच्या तुलनेतून गोल घरे ही वारंवार स्थलांतर करणाऱ्या समूहांत अधिक आढळतात, असे मानवशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. या आधारे उत्तर जोर्वे काळात पाऊस कमी होऊन शेती खालावली आणि लोक निमभटके व पशुपालक जीवन जगू लागले, असा निष्कर्ष मांडला गेला.

(इ) दफनविधी : लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत व घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना उताणे पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळतात. मृताने परत येऊ नये, यासाठी तसे केले असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते. मृतात्म्याच्या भयाविषयीची मानवशास्त्रीय माहिती येथे आधार ठरते.

या तीन उदाहरणांची बळकटी सारखी नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिल्यात घर, कोठार व दफन असे तीन स्वतंत्र पुरावे एका दिशेने जातात. दुसऱ्यात तुलना व्यापक आहे, परंतु गोल झोपडी गरिबीमुळेही बांधली जाऊ शकते. तिसऱ्यात पाय तोडले गेले ही वस्तुस्थिती आहे. त्यामागील भावना मात्र केवळ अनुमान आहे. विद्यार्थ्यांसमोर ही तिन्ही विधाने एकाच निश्चिततेने मांडली जातात, तेव्हा दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो.

५. मानवी अस्थी : वंशापासून जीवनमानापर्यंत

दोन शास्त्रांचा संबंध काळानुसार कसा बदलला, हे मानवी अस्थींच्या अभ्यासातून स्पष्ट होते. वसाहतकाळात हर्बर्ट रिस्ले यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी नाकाची व डोक्याची मापे घेऊन भारतीय जातिजमातींचे वांशिक वर्गीकरण केले. या विचाराच्या प्रभावाखाली उत्खननातील कवटी मिळाली की ती कोणत्या वंशाची, हाच पहिला प्रश्न विचारला जाई.

नेवासे येथील अस्थींवर केनेथ केनेडी व कैलाश मल्होत्रा यांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मल्होत्रा यांनी माधव गाडगीळ यांच्यासमवेत महाराष्ट्रातील गवळी धनगर व इतर भटक्या समूहांच्या उपजीविकेचा परिस्थितिकीय अभ्यास केला. एकाच अभ्यासकाने प्राचीन अस्थी आणि वर्तमान समूह या दोहोंकडे पाहिले, ही बाब लक्षणीय आहे.

इनामगावच्या सांगाड्यांवर जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी काम केले. त्यांच्या पिढीत प्रश्न बदलला होता. ही माणसे कोणत्या वंशाची होती यापेक्षा ती काय खात होती, त्यांना कोणते आजार होते, त्यांची मुले जगत होती का, हे प्रश्न पुढे आले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बालकांच्या हाडांची वाढ हा समाजाच्या पोषणस्थितीचा पुरावा असतो. या अभ्यासामुळे केवळ अवर्षणाने जोर्वे वस्त्यांचा ऱ्हास झाला, या सरळ स्पष्टीकरणाचा पुनर्विचार करावा लागला. घरांच्या आकारावरून काढलेला निष्कर्ष हाडांच्या आधारे तपासता आला, हेच दोन शास्त्रांच्या सहकार्याचे खरे फलित होय.

अलीकडे प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने यात भर घातली आहे. २०१९ मध्ये राखीगढी येथील एका स्त्रीच्या सांगाड्यातील जनुकीय माहिती वसंत शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तथापि जनुकीय वारसा म्हणजे भाषा नव्हे, धर्म नव्हे आणि जातही नव्हे. हा भेद विसरला गेल्यास जुनी वंशकल्पना नव्या तंत्राच्या आडून परत येण्याचा धोका आहे.

६. तुलनेच्या मर्यादा

वर्तमान समाजाची प्राचीन समाजाशी तुलना करताना सर्वांत मोठी चूक होते ती वर्तमान समाजाला ‘प्राचीन अवशेष’ मानण्याची. विदर्भात माहुरझरीसारख्या ठिकाणी बृहदश्मयुगीन शिलावर्तुळे आहेत. त्यांत मृतांच्या अवशेषांबरोबर लोखंडी हत्यारे, भांडी आणि घोड्यांचे अलंकार मिळतात. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया गोंड समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची प्रथा आहे. दोन्हींत दगड आणि मृत्यू यांचा संबंध असला, तरी माडिया गोंड हे शिलावर्तुळे उभारणाऱ्यांचे वंशज आहेत, असे यावरून सिद्ध होत नाही. या निरीक्षणाचा योग्य उपयोग वेगळा आहे. मोठा दगड आणण्यासाठी किती माणसे लागतात, त्यांना जेवण कोण घालते, कोणाच्या नावाने दगड उभा राहतो व कोणाच्या नावाने राहत नाही, हे माडिया गोंडांकडून समजते. त्यातून शिलावर्तुळांविषयी नवे प्रश्न निर्माण होतात. उत्तरे मात्र शिलावर्तुळांतूनच शोधावी लागतात.

या चुकीला सामाजिक बाजूही आहे. फासेपारधी, वैदू यांसारख्या समूहांना अश्मयुगीन जीवनाचे नमुने म्हणून दाखविले जाते, तेव्हा त्यांचा इतिहासच नाकारला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. वनांवरील बंधने, शिकारबंदी आणि गावगाड्यातील बदल यांमुळे त्यांचे जीवन वारंवार पालटले. आजचा पारधी हा आजच्या काळाचा नागरिक आहे. त्याच्या फासे लावण्याच्या कौशल्याचा अभ्यास जरूर व्हावा. परंतु तो एका जाणकाराच्या ज्ञानाचा अभ्यास असावा.

म्हणून तुलना करताना तीन कसोट्या पाळणे इष्ट ठरते. पहिली, दोन्ही समाजांचे पर्यावरण व तंत्रज्ञान तुल्य असावे. दुसरी, एकाऐवजी अनेक समाजांची उदाहरणे घ्यावीत. तिसरी, तुलनेतून निघालेले अनुमान खोटे ठरविणारा पुरावा कोणता असू शकेल, हे आधीच सांगता यावे.

७. जालना जिल्ह्याचा संदर्भ

या चर्चेचा जालना जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. टेंभुर्णी हे गाव जाफ्राबाद तालुक्यात आहे आणि शेजारच्याच तालुक्याचे ठिकाण असलेले भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. भारहुत व सांची येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ व तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांच्या वतीने शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी तेथे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्ती, विविध प्रकारचे मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेथे मिळाली. या मूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्याने या साम्याला कालनिश्चितीच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

इतिहासाच्या वर्गात भोकरदनचे वर्णन बहुधा व्यापारी केंद्र म्हणून संपते. मानवशास्त्राची दृष्टी त्यापुढील प्रश्न विचारते. मणी घडविणारे व हस्तिदंत कोरणारे कारागीर गावात कोठे राहत होते? ते कौशल्य कुटुंबात शिकविले जाई की श्रेणीत? दूरच्या स्तूपाला दान देणारी व्यक्ती स्वतःच्या नावाबरोबर गावाचे नाव का कोरून घेते? मणी, बांगड्या आणि लेख हीच साधने राहतात, परंतु त्यांतून माणसांविषयी अधिक जाणता येते.

दुसरे उदाहरण भाषेतले आहे. मराठी शेतकरी जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग करतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. शेकडो वर्षांची राख, शेण, भिंतींची माती व केरकचरा साचून वस्तीची माती पांढुरकी होते. म्हणून शेतांच्या मधोमध असलेल्या एखाद्या टेकाडाला लोक पांढरी म्हणत असतील, तर तेथे जुने गाव असण्याची शक्यता तपासण्यासारखी असते. शेतकऱ्याचा हा शब्द पुरातत्त्वज्ञासाठी सर्वेक्षणाचे साधन आहे.

याच पांढरीला धोकाही आहे. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या धाब्यावर पांढरी माती टाकण्याची रीत होती आणि ती माती जुन्या टेकाडांवरून आणली जाई. शेतात पसरण्यासाठीही ती नेली जाते. आता यंत्रांच्या साहाय्याने संपूर्ण टेकाड काही दिवसांत सपाट करता येते. माती कोण, केव्हा, कशासाठी नेतो हे समजल्याशिवाय टेकाडाचे वरचे थर का विस्कटले आहेत, हे पुरातत्त्वज्ञाला उमगत नाही; आणि गावकऱ्यांशी संवाद झाल्याशिवाय ते टेकाड वाचतही नाही.

८. अध्यापनातील उपयोजन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पास स्थान मिळाले आहे. इतिहास व समाजशास्त्र विभागांनी एकत्रितपणे पुढील कामे हाती घेता येतील.

(१) तालुक्यातील पांढरीची टेकाडे, गढ्या, वीरगळ व ग्रामदेवतांची ठाणी यांची गावनिहाय नोंद करावी. पृष्ठभागावरील खापरांची छायाचित्रे व स्थाननिश्चिती पुरेशी आहे. उत्खननास शासकीय परवानगी आवश्यक असल्याने विद्यार्थ्यांनी खोदकाम करू नये.

(२) स्थळनामे व त्यांविषयीच्या आख्यायिका संकलित कराव्यात. टेंभुर्णी हे नाव त्याच नावाच्या वृक्षाशी जुळते. अशी वृक्षवाचक नावे गावाभोवतीच्या पूर्वीच्या वनस्पतींविषयी विचार करावयास लावतात.

(३) कुंभार, माळवदाचे घर बांधणारे कारागीर व मेंढपाळ यांच्या मुलाखती त्यांच्या संमतीने घ्याव्यात. भांडे किती दिवस टिकते, फुटल्यावर कोठे टाकले जाते, यांसारखे साधे प्रश्नही मोलाचे ठरतात.

(४) संकलित माहितीची प्रत संबंधित ग्रामपंचायतीला द्यावी, म्हणजे तिचा उपयोग स्थळाच्या रक्षणासाठी होईल.

९. निष्कर्ष

पुरातत्त्वशास्त्र व मानवशास्त्र यांचे नाते एकाने दुसऱ्याचे अंग होण्याचे नाही. अमेरिकन परंपरेतील एकरूपता भारतात जशीच्या तशी आणता येणार नाही, कारण येथे लेख, नाणी व वाङ्मय यांचा तिसरा आधार उपलब्ध आहे. तसेच ही दोन शास्त्रे परस्परांपासून अलिप्तही राहू शकत नाहीत. इनामगावच्या उदाहरणावरून दिसते की समाजाच्या ज्ञानाने अवशेषांना अर्थ मिळतो आणि नव्या पुराव्याने तो अर्थ दुरुस्तही होतो. जेथे मानवशास्त्रीय तुलना तपासली जाते तेथे ज्ञान वाढते. जेथे ती केवळ स्वीकारली जाते तेथे वर्तमान समाजाविषयीचे पूर्वग्रह भूतकाळावर लादले जातात.

ग्रामीण महाविद्यालयांना या कार्यात विशेष स्थान आहे. मोठ्या संस्थांकडे प्रयोगशाळा आहेत, परंतु गावाची भाषा, नाती आणि जमिनीची नावे जाणणारे विद्यार्थी ग्रामीण महाविद्यालयांकडे आहेत. टेकाडे सपाट होण्यापूर्वी आणि ती ओळखणारी वृद्ध पिढी सरण्यापूर्वी या नोंदी होणे आवश्यक आहे. त्यासाठी इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी एका गावापासून एकत्र आरंभ करावा.